दुसऱ्याची ठेव

कोकणातल्या जुन्या घरात पाऊल टाकताना आपले त्या घराशी नाते किती जवळचे आहे, हे माणसाला कुणाला विचारावे लागत नसे. घरच ते सांगत असे. खळ्यात कुणीही यावे, तांब्याभर पाणी मागावे, पुढच्या वाडीची वाट विचारावी. ओटीवर बसायचे तर थोडीबहुत ओळख हवी. तेथे पानाचे तबक पुढे येई आणि पाऊसपाण्याच्या, कोर्टकचेरीच्या गोष्टी निघत. माजघरात आप्तांनी यावे. स्वयंपाकघर आणि देवघर त्याच्याही पलीकडे; आणि सर्वांत आत बाळंतिणीची ती अंधारी खोली, जेथे घरच्या कर्त्या पुरुषालाही मुक्त प्रवेश नसे. यांतल्या बहुतेक दारांना दिवसा कडी लागत नसे. माणसांना थांबवीत असत ते उंबरठे.

घराबाहेर, गावाच्या मध्यावर चव्हाटा असे. गावाची गाऱ्हाणी तेथे व्हावयाची, तंटे तेथे मिटावयाचे. ‘चव्हाट्यावर आणणे’ हा शब्दप्रयोग आज आपण निंदेने करतो. परंतु ती निंदा चव्हाट्याची नाही. जे गावाचे आहे ते चव्हाट्यावर यायलाच हवे. जे माजघराचे आहे ते तेथे नेऊन मांडणाऱ्याला भाषेने दोष दिला आहे.

फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही समाजमाध्यमे म्हणजे आपल्या काळाचा चव्हाटा. ती चांगली की वाईट, हा विषय आता शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांना सोडून द्यावा. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न त्याहून लहान आहे, आणि मला वाटते, अधिक अवघड आहे. या माध्यमांच्या स्वाधीन आपण रोज जे काही करतो, ते मुळात आपले असते काय?

प्रथम त्यांचे उपकार मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्याला ते जितके कळतील तितके क्वचितच इतरांना कळतील. येथली घरे पिढ्यान् पिढ्या दोन ठिकाणी नांदत आली आहेत. म्हातारी माणसे आणि मुले गावी, कमावता माणूस मुंबईला. गिरणगावातल्या खोलीतून निघालेली मनीऑर्डर आणि तिच्या तळाशी लिहिलेल्या चार ओळी, एवढाच काय तो त्या दोन अर्ध्यांना जोडणारा धागा होता. ज्या माउलीला वाचता येत नसे तिला पोस्टमन त्या ओळी वाचून दाखवी; आणि तिचे उत्तरही बहुधा तोच लिहून देई. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि आज गावातली आजी डोंबिवलीतल्या नातवाला पहिले पाऊल टाकताना पाहू शकते. या सुखाची ज्याला थट्टा करवते, त्याने चाकरमान्याचे घर आतून पाहिलेले नसावे.

हे झाले सुखाचे. संकटाची गोष्ट याहून मोठी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे मुके झाले, आणि आपल्या आईबापांच्या डोक्यावर छप्पर राहिले की नाही, हे मुंबईतल्या मुलांना कित्येक दिवस कळेना. तार तुटल्यावरच तारेचे मोल कळते. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तेव्हा जेथे जेथे एखादा फोन जिवंत होता, तेथून निरोप सुटत होते: अमुक आळी, अमुक इमारत, दुसरा मजला, दोन म्हातारी माणसे. परक्यांनी ते परक्यांना पोहोचवले. टाळेबंदीच्या 2020 सालच्या उन्हाळ्यात बाजार अडखळले, तेव्हा आमच्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्या व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन थेट मुंबई-पुण्याच्या दारात नेऊन दिल्या. असे साधन टाकून द्या, असे सांगणारा उपदेशक मला होता येणार नाही.

तथापि आपण ज्या हेतूने या माध्यमांकडे जातो तो एक. आणि ज्यांनी ती उभारली त्यांचा हेतू दुसरा. फेसबुक 2004 साली निघाले, व्हॉट्सॲप 2009 साली. 2014 साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचा सौदा केला, तो सुमारे 1,900 कोटी डॉलर्सना. जे दुकान निरोप जवळजवळ फुकट पोहोचवते, त्याची एवढी किंमत कुणी का द्यावी? उत्तर त्याच कंपनीच्या हिशेबात आहे. आता ‘मेटा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे 2024 सालचे उत्पन्न सुमारे 16,450 कोटी डॉलर्स होते; आणि त्यांतल्या शंभर डॉलर्सपैकी सत्त्याण्णवांहून अधिक जाहिरातींतून आले होते. म्हणजे पैसे देणारे गिऱ्हाईक जाहिरातदार आहे. दुकानात मांडलेला माल आहे तो आपले लक्ष, आणि त्या लक्षाची बारीक ओळख. आपण कोणत्या चित्रापाशी किती वेळ थांबलो, कुणाला ‘लाईक’ दिले, कोणत्या दुखण्याविषयी वाचले, रात्री किती वाजता जागे होतो, या साऱ्याची नोंद होते आणि तीवरून आपल्यापुढे काय आणावे ते ठरते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, 2016 पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला, कंपनीलाही, वाचता येऊ नये अशा गुप्त लिपीत जातो. परंतु कोण कुणाशी केव्हा बोलले, हे पाकिटावरच्या पत्त्यासारखे बाहेरच राहते. आणि पुष्कळदा पत्त्यावरूनच आतली गोष्ट समजते.

रत्नागिरीत पाळतीचे एक जुने स्मारक आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली येथे आणून ठेवले. तीस वर्षे तो येथे होता. 1916 साली येथेच वारला. खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा आज पर्यटकांना दाखवतात. या राजावर देखरेख ठेवायला सरकारने पोलीस अधिकारी नेमला होता. त्याच्या घरातल्या हालचालींची खबर वर जात असे. बिचारा कैदी होता, हे सर्वांना ठाऊक होते. पण त्याच्या कैदेत एक गोष्ट निदान स्वच्छ होती. आपल्यावर पाळत कोण ठेवतो, कशासाठी ठेवतो, आणि त्याचा पगार कोण देतो, हे राजाला माहीत होते. आपल्याला यांतले काहीच नीट ठाऊक नसते. आणि पाळतीचे यंत्र आपणच स्वतःच्या पैशाने विकत घेऊन उशाशी ठेवतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. कर नाही त्याला डर कशाला? ज्याने पाप केले नाही त्याने कुणी पाहिले म्हणून का घाबरावे? हे उत्तर ऐकायला मर्दानी वाटते. परंतु ते माणसाचे मन न ओळखणाऱ्याचे उत्तर आहे. आपण झाकतो ते सारे पाप नसते. क्षयाचे औषध चालू असणे हे पाप नाही. तरी मुलीचे लग्न ठरेपर्यंत बाप ते बोलत नाही. दुकान कर्जात असणे हे पाप नाही. पण ते बाजारात कळले तर उद्या उधारी बंद होते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण चोरांनी केलेली नाही; अब्रूने दिवस काढणाऱ्या गरिबांनी ती केली आहे.

आणि जे अजून पुरते तयार झालेले नाही, तेही आपण झाकतो. प्राथमिक शाळेत ज्याने मुलांना शिकवले आहे त्याला पाटीचे महत्त्व सांगायला नको. मूल चुकीचा आकडा काढते, ओल्या हाताने पुसते, पुन्हा काढते. पुसता येते म्हणून ते लिहायला धजते. प्रत्येक चुकलेला आकडा जन्मभर भिंतीवर राहणार असता, तर कोणत्या मुलाने पहिला आकडा काढला असता? मोठ्या माणसांची मतेही अशीच बनतात. आधी ती कच्ची असतात, घरातल्या चार माणसांत बोलून पाहिली जातात, आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या दिवशी पुसली जातात. नोव्हेंबर 2012 मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हा त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार वाक्ये लिहिली. दुसरीने त्यांना नुसते ‘लाईक’ दिले. दोघींनाही अटक झाली. ओटीवर कुणी तेच बोलले असते तर एखाद्या वडीलधाऱ्याने डोळे वटारले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. ज्या कायद्याचा त्या अटकेत आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. न्याय झाला, हे खरे. पण पाटी पुसली गेली असे म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर याहून समजूतदार आहे. ते म्हणते: हा राजीखुशीचा सौदा आहे. मला सोय मिळते. तिच्या बदल्यात मी माझी थोडी माहिती देतो. माझे मी देतो, त्यात कुणाचे काय गेले? स्वातंत्र्याचे मोल मानणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद सहज खोडता येत नाही. स्वतःचे माजघर ज्याला उघडे टाकायचे आहे त्याला अडवणारे आपण कोण? परंतु या युक्तिवादातल्या ‘माझे’ या एका शब्दापाशी थांबले पाहिजे.

2018 सालच्या मार्चमध्ये एक प्रकरण जगापुढे आले. केंब्रिज ॲनॅलिटिका नावाच्या, निवडणुकीचा सल्ला विकणाऱ्या एका कंपनीच्या हाती फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती पडली होती. ती गोळा झाली होती स्वभावाची परीक्षा घेणाऱ्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रश्नावलीतून. त्यात भारताचा जो आकडा फेसबुकने स्वतः दिला, तो प्रत्येकाने कुठेतरी लिहून ठेवावा. ती प्रश्नावली भारतात घेतली होती 335 जणांनी. आणि ज्यांची माहिती त्यामुळे बाहेर गेली असण्याचा संभव होता, ते होते 5,62,455. होकार दिला तीनशे पस्तीस माणसांनी; उघडी पडली साडेपाच लाखांहून अधिक. हे बाकीचे कोण? त्या तीनशे पस्तिसांचे मित्र. त्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांचा गुन्हा एवढाच की, त्यांनी आपल्या ओळखीच्या माणसावर विश्वास टाकला होता.

मला वाटते, सगळ्या प्रश्नाची मेख येथे आहे. एकांताची चर्चा आपण नेहमी माझे काय जाईल, या भाषेत करतो. म्हणून ती शहाणपणाची, सावधगिरीची चर्चा होते. पाकीट सांभाळावे तशी. परंतु आपल्या मोबाईलमध्ये आपले असे फार थोडे असते. त्यात भावाचा नंबर असतो, शेजारणीचा आजार असतो, मित्राने रात्री बारा वाजता केलेली कबुली असते, आईचा दवाखान्यातला फोटो असतो. एखादे नवे ॲप ‘तुमच्या संपर्कयादीत पाहू का?’ असे विचारते आणि आपण होय म्हणतो, तेव्हा आपण दोनशे माणसांच्या वतीने होय म्हणतो. हे सारे आपल्यापाशी आहे. पण ते आपले नाही. मराठीत अशा वस्तूला एक जुना आणि भारदस्त शब्द आहे: ठेव. खेड्यातला अडाणी सावकारही एक गोष्ट जाणत असे की, स्वतःचे सोने विकणे हा व्यवहार आहे, आणि दुसऱ्याची ठेव विकणे हा विश्वासघात. भाव चांगला मिळाला, या सबबीने दुसरी गोष्ट पहिलीसारखी होत नाही.

हातात आलेली वस्तू आपली होत नाही, हे विसरल्यावर काय घडते ते महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत त्या दिवशी तेथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून हातोहात पसरत होत्या. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक जणांना पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. ती घालावीच लागली असती. पण तिच्याने मूळ प्रश्न सुटत नाही. ज्यांनी ते निरोप पुढे ढकलले त्यांतल्या कित्येकांना आपण काही केले असे वाटलेही नसेल. आले ते पुढे दिले, एवढेच. परक्या माणसाची अब्रू, आणि त्या दिवशी त्याचे प्राण, आपल्या अंगठ्याखाली होते, ही जाणीवच तेथे नव्हती. भटक्या माणसाला तर माजघर नसतेच. त्याची सारी ठेव तो ज्या गावात शिरतो त्या गावाच्या हवाली असते.

आता मला जे सर्वांत जवळचे आहे त्याकडे येतो. शिक्षकाच्या पोटात त्याच्या वर्गातली तीस घरे असतात. कुणाचा बाप दारू पितो, कोण सकाळचे न जेवता येते, कुणाची आई माहेरी निघून गेली आहे, हे त्याला कळते. कारण मुले त्याच्यापाशी येऊन बोलतात किंवा मुकाट बसतात. हे ज्ञान ही त्याची कमाई नव्हे. त्याच्याकडे विश्वासाने ठेवलेली ती वस्तू आहे. आणि आज जवळजवळ प्रत्येक शाळेत वह्यावाटप, गणवेशवाटप, दप्तरवाटप होते. दाते भले असतात. फोटो निघतो. मध्ये दाता, बाजूला गुरुजी, आणि पुढे हात केलेले एक मूल. त्याला ‘इकडे बघ’ म्हणून सांगितलेले असते. तासाभरात तो फोटो दात्याच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, मुंबई मंडळाच्या ग्रुपवर जातो. साऱ्यांचे हेतू शुद्ध असतात. शाळेला हिशेब द्यायचा असतो, दात्याला समाधान हवे असते, गावाला अभिमान वाटतो. फक्त एका माणसाला कुणी विचारलेले नसते, आणि ते नऊ वर्षांचे असते. त्याची गरिबी ही त्याची ठेव होती. आपण ती वह्यांच्या बदल्यात वाटून टाकली. दहा वर्षांनी ते मूल नोकरीच्या शोधात असेल, एखाद्या मुलीला आवडलेले असेल; तेव्हा तो हात पुढे केलेला फोटो कुणाच्या तरी मोबाईलमधून वर येणार नाही, अशी हमी कोण देणार?

वह्या वाटू नयेत, असे मी म्हणत नाही. वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो काढावा. पावती द्यावी. आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी सांगतात, ती दात्याच्या विनयासाठी असे आपण समजतो. पण तिचा खरा लाभ घेणाऱ्याला होतो.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. माजघराची एवढी महती गाणाऱ्याला कुणी विचारील: त्या माजघरात काय काय झाकले गेले, ते तू विसरलास काय? ज्या उंबरठ्यांची मी आरंभी स्तुती केली, त्यांनीच कित्येक माणसांना जातीसाठी जन्मभर खळ्याबाहेर उभे केले. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणत किती सुनांचे मार आणि किती विधवांचे हुंदके त्या भिंतींनी गिळले! हा आक्षेप खरा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली एका विधवेशी विवाह केला, आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी ते लपवले नाही. पुढे 1915 साली त्यांनी आपले ‘आत्मवृत्त’ छापून सर्वांपुढे ठेवले. माजघरातली वेदना चव्हाट्यावर आल्यावाचून समाज बदलत नाही. आणि आजच्या माध्यमांनी कित्येक दुबळ्यांना, विशेषतः स्त्रियांना, असा चव्हाटा प्रथमच मिळवून दिला, हे कोण नाकारील?

परंतु या आक्षेपाला ठेवीच्याच भाषेत उत्तर देता येते. गुपित कुणाचे, हे विचारावे. मार खाणाऱ्या स्त्रीचे दुःख तिचे आहे. ते उघड करण्याचा अधिकार तिचा. आणि ते झाकून ठेवा असे सांगण्याचा अधिकार मारणाऱ्याला नाही, कारण ती त्याची ठेव नव्हेच. कर्व्यांनी उघड केले ते स्वतःचे आयुष्य. मात्र तिची कहाणी तिला न विचारता तिच्या नावानिशी लिहून हजारो सहानुभूती गोळा करणारा हितचिंतकसुद्धा, माझ्या मते, तिची ठेव मोडतो. पीडिताने बोलावे यासाठी चव्हाटा मोकळा हवा; त्याला ओढून तेथे उभे करण्यासाठी नव्हे.

दुसरा आक्षेप माझ्याच अंगावर येणारा आहे. कादंबरीकार दुसरे काय करतो? तोही लोकांच्या माजघरात डोकावूनच लिहितो. याचे उत्तर मी एवढेच देऊ शकतो की, कादंबरीकाराला दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे वापरण्याची मुभा नसते. एकाची बोलण्याची लकब, दुसऱ्याचा पराभव, तिसऱ्याचे घर, यांचे तो असे मिश्रण करतो की शेवटी कुणाकडे बोट दाखवता येऊ नये; आणि हे करायला त्याला महिनोन् महिने लागतात. त्या महिन्यांत दहा वेळा विचार बदलता येतो. समाजमाध्यमाचे काम नेमके उलट चालते. तेथे नाव खरे लागते, चेहरा खरा लागतो, तारीख आणि गाव आपोआप नोंदले जाते. आणि विचार करायला मिळतो तो अंगठा खाली येईपर्यंतचा वेळ. तरीही लेखकाने या प्रश्नातून स्वतःला मोकळे समजू नये. ज्याच्या हाती दुसऱ्यांची आयुष्ये येतात अशा कुणीही समजू नये. डॉक्टर, वकील, पोस्टमन, शिक्षक, आणि आता मोबाईल बाळगणारा प्रत्येक जण.

हे काम कायदा करील, अशी आशा पुष्कळांना वाटते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपण हा आपला मूलभूत अधिकार आहे. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळणाऱ्याने पालकांची संमती घ्यावी, असे तो म्हणतो. या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. परंतु तोच कायदा हेही म्हणतो की, एखाद्याने आपल्या घरगुती, वैयक्तिक कामासाठी जे केले त्याला तो लागू नाही. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल. कुटुंबाच्या ग्रुपवर पुतणीचे फसलेले लग्न चघळणाऱ्या काकांना नाही. तसे असणेच योग्यही आहे. प्रत्येक ओटीवर शिपाई बसवणारे राज्य कुणाला हवे? पण कायदा जेथे थांबतो तेथून नीतीचे राज्य सुरू व्हायला हवे, आणि ते आपण अजून वसवलेले नाही. पत्राच्या काळात ते होते. पोस्टकार्ड उघडे असते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून खुशाली कार्डावर जाई आणि खाजगी मजकूर पाकिटात. दुसऱ्याचे पाकीट फोडणे हा हलकटपणा आहे, हे मुलाला घरातच कळत असे. त्यासाठी त्याला कुणी कलम वाचून दाखवत नसे.

नव्या माध्यमांची रीत अशीच घराघरांतून पडेल. तिची सुरुवात लहान असावी. फोटोत जो आहे त्याला विचारावे. मूल असेल तर ते मोठे होऊन काय म्हणेल, हे त्याच्या वतीने स्वतःला विचारावे, आणि शंका आली तर फोटो आपल्यापाशीच ठेवावा. आजाऱ्याचे, मृताचे, फसलेल्याचे, रागावलेल्याचे चित्र त्याच्या होकारावाचून पुढे जाऊ नये. संकटात पाठवलेला पत्ता आणि नंबर संकट टळल्यावर पुसून टाकावा. तो माणूस सुटला, आता त्याचा नंबर का फिरावा? आणि आलेला निरोप पुढे देण्यापूर्वी, यात कुणाची ठेव आहे, एवढा एकच प्रश्न मनात यावा. या साऱ्याने कंपन्यांचा धंदा बुडणार नाही. त्यांच्याशी झगडायला कायदे आणि न्यायालये लागतीलच. पण त्यांच्या कोठारात जो माल रोज जाऊन पडतो, त्यांतला पुष्कळसा आपणच एकमेकांच्या घरांतून उचलून नेऊन देतो, हे निदान आपल्याला थांबवता येईल.

ठेव म्हणजे काय, याची जुनी व्याख्या सोपी आहे. मागितल्यावेळी परत देता येते ती ठेव. सोने परत देता येते, पैसा परत देता येतो; पुढे पाठवलेला फोटो आणि सांगितलेले गुपित मात्र परत देता येत नाही. तो फोटो काल किती हातांत गेला, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून इतर ठेवींच्या बाबतीत माणसाला चुकीची भरपाई करण्याची संधी असते. या एका ठेवीच्या बाबतीत ती सांभाळणे एवढीच तिची परतफेड. यंदाच्या दिवाळीतही घरोघर फराळाचे, आकाशकंदिलांचे, किल्ल्यांचे फोटो निघतील, आणि ते निघावेत. अंगणातली पणती येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणूनच लावलेली असते. फक्त त्या घाईत कुणाच्या देवघरातली समई उचलून आपण रस्त्यावर आणली नाही ना, एवढे पाहावे.